सीमेवरची गर्दी

समुद्रात दोन वेगळ्या पाण्यांची जिथे गाठ पडते तिथे जीवसृष्टी बहरते, हे विधान आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याची उलटतपासणी करावी असे कुणाला वाटत नाही. माहितीपटांत ते असते, संशोधन-प्रकल्पांच्या प्रस्तावांत असते, मच्छीमारांना मिळणाऱ्या सल्ल्यांच्या मुळाशीही तेच असते. विधान खोटे नाही. अशा जागी जाळे टाकले तर ते बहुधा भरून येते. प्रश्न त्यापुढचा आहे. जाळ्यात जे आले ते तिथेच वाढले, की कुठून तरी तिथे लोटले गेले? आणि जास्त जातींचे जीव सापडले एवढ्यावरून ती जागा जास्त समृद्ध ठरवायची का? या प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे समुद्राबद्दलची आपली समज कच्ची राहते आणि त्या समजेवर बेतलेली धोरणेही कच्ची राहतात. पाण्याची ही सीमा, म्हणजे फ्रंट, तीन निरनिराळी कामे करते. ती जातींचे प्रदेश वेगळे ठेवते, जीवांची गर्दी जमवते आणि पुरेसा वेळ मिळाला तरच नवी पैदास घडवते. या तिन्ही कामांचे हिशेब वेगळे मांडले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

किनाऱ्यावरून समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. प्रत्यक्षात गार आणि कोमट, जास्त खारट आणि कमी खारट पाण्याचे पट्टे त्यात शेजारी शेजारी असतात आणि ते चटकन एकमेकांत मिसळत नाहीत. काही शे मीटर ते काही दहा किलोमीटर एवढ्या अंतरात तापमान, क्षारता आणि पर्यायाने घनता झपाट्याने बदलते, तो पट्टा म्हणजे फ्रंट. कधी तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. फेसाची लांबच लांब रेघ, तिच्यात अडकलेली लाकडे, शेवाळ, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि दोन्ही अंगांना पाण्याचा रंग वेगळा. पावसाळ्यात नद्यांच्या मुखांबाहेर गढूळ आणि हिरवट पाण्यामधली अशी रेघ कोकण-गोव्याच्या दर्यावर्दी माणसाला नवी नाही. जपानी मच्छीमार तर पिढ्यान्‌पिढ्या अशा रेघांवर मासे शोधत आले. त्या अनुभवाला शास्त्राची बैठक देणारा मिचिताका उदा यांचा प्रबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला.

मात्र सगळे फ्रंट एका जातकुळीचे नसतात. अंटार्क्टिकाला वेढणारा ध्रुवीय फ्रंट कायमचा आहे. तो थोडाफार इकडेतिकडे सरकतो, पण नाहीसा होत नाही. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या उथळ समुद्रातला फ्रंट हंगामी आहे. भरती-ओहोटीचे प्रवाह जिथे जोरदार असतात तिथे पाणी तळापर्यंत घुसळले जाते, जिथे ते मंद असतात तिथे उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर साचतात, आणि या दोन प्रदेशांच्या मध्ये फ्रंट उभा राहतो. त्याची जागा पाण्याची खोली आणि प्रवाहाचा वेग यांच्या साध्या गणितावरून सांगता येते, हे जॉन सिम्पसन आणि जॉन हंटर यांनी १९७४ मध्ये दाखवले. म्हणून तो दर उन्हाळ्यात जवळपास त्याच ठिकाणी येतो. तिसरा प्रकार खुल्या समुद्रात भोवऱ्यांच्या कडेला ताणल्या जाणाऱ्या पाण्याच्या अरुंद पट्ट्यांचा. हे फ्रंट काही दिवसांत तयार होतात आणि काही दिवसांत विरून जातात. कायमचा, हंगामी आणि अल्पजीवी हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद काळाच्या हिशेबावर उभा आहे.

आता या पाण्यात राहणाऱ्यांकडे वळू. प्रवाहाविरुद्ध लांबवर पोहून जाण्याइतके बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहणारे प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. हे काही फक्त प्रयोगशाळेत भेटणारे जीव नाहीत. भरती-ओहोटीच्या वाहत्या पाण्यात डोल लावून आपले कोळी बांधव जो जवळा पकडतात, तोही प्लवकांसारखाच पाण्याबरोबर वाहत जगणारा चिमुकला कोळंबीवर्गीय जीव आहे. संशोधनजहाजावर साधारण २०० मायक्रॉन छिद्रांचे जाळे खालून वर ओढतात आणि त्याच्या टोकाच्या भांड्यात जमलेले फॉर्मॅलिन घालून बाटलीत भरतात. बाटलीत दिसतो तो नुसता तांबूस-करडा गाळ. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गर्दी उलगडते. सर्वांत जास्त असतात कोपेपॉड, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, अंगाहून लांब वाटणाऱ्या शृंगिका पसरलेले. त्यांच्यात तोंडाशी आकड्यांची जुडी असलेले पारदर्शक बाणकृमी, दोन शिंपांत मिटून घेतलेले ऑस्ट्रॅकॉड, आत तेलाचा एकेक थेंब असलेली माशांची अंडी. जेलीसारख्या नाजूक सॅल्पच्या मात्र बहुधा चिंध्याच हाती लागतात. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत ठिकाण, खोली, तारीख आणि वेळ लिहिलेली असते. यातला कोणता जीव तिथे जन्मला आणि कोणता आदल्या दिवशी पंधरा किलोमीटरवरून वाहत आला, हे ती चिठ्ठी सांगत नाही. नेमके तेच तर आपल्याला हवे असते.

फ्रंटचे पहिले काम सीमेचे. त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण दक्षिण महासागरात आहे. उत्तरेकडे जाणारे अंटार्क्टिकाचे गार पाणी तुलनेने कोमट पाण्याला भेटते आणि त्याच्या खाली जाते. थोड्या अंतरात तापमान दोन-तीन अंशांनी बदलते. ही सीमा विल्हेल्म माइनार्डुस या जर्मन शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ओळखली आणि १९२५ पासून ब्रिटिशांच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमांनी तिचा कसून अभ्यास केला. देवमाशांच्या शिकारीच्या चिंतेतून सुरू झालेल्या त्या मोहिमा प्राणिप्लवकांपर्यंत पोचल्या, कारण देवमाशांचे मुख्य खाद्य असलेले अंटार्क्टिक क्रिल या सीमेच्या दक्षिणेलाच नांदते. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २००४ पासून भारतीय मोहिमाही याच पाण्यात जात आहेत.

पृष्ठभागाचे पाणी सतत उत्तरेकडे सरकत असेल, तर वाहत्या प्राण्यांनी कधीच सीमा ओलांडून परागंदा व्हायला हवे होते. ते टिकून कसे राहतात? याचे उत्तर नील मॅकिन्टॉश यांनी १९३७ मध्ये दिले. अनेक जाती उन्हाळ्यात वरच्या थरात राहून उत्तरेकडे वाहतात आणि हिवाळ्यात शेकडो मीटर खाली उतरतात. तिथले खोल पाणी दक्षिणेकडे वाहत असते, त्यामुळे ते पुन्हा आपल्या प्रदेशात येतात. आडवे पोहण्याची ताकद नसलेला जीव वर-खाली होऊन आपले घर राखतो. म्हणजे ही सीमा एकटे पाणी आखत नाही. पाण्याची रचना आणि प्राण्याचे वर्तन दोघे मिळून ती टिकवतात.

शिवाय ही सीमा अभेद्य नाही. २०१७ मध्ये अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटाच्या किनाऱ्यावर केल्पचे, म्हणजे मोठ्या समुद्री शैवालाचे, तुकडे सापडले. जनुकीय तपासणीत ते दक्षिण जॉर्जिया आणि केर्गेलेन इथून वाहत आल्याचे निघाले. त्यांतल्या एकाचा प्रवास २० हजार किलोमीटरहून जास्त झाला असावा, असे प्रवाहांच्या गणितावरून दिसले. वादळी लाटांनी त्यांना फ्रंटच्या पार नेले होते. तरीही त्या केल्पचे जंगल अंटार्क्टिकात उगवलेले नाही. पाहुणा सीमा ओलांडून येऊ शकतो, पण त्याला तिथे संसार थाटता येईलच असे नाही. पलीकडचे तापमान, अन्न आणि हंगाम वेगळे असतात म्हणून ती सीमा ठरते. दोन बाजूंचा फरक कमी झाला, तर पाणी तिथेच वाहत राहूनही सीमेचा अर्थ संपेल.

दुसरे काम गर्दी जमवण्याचे. हे समजायला थोडे भौतिकशास्त्र हवे, पण ते अवघड नाही. फ्रंट तीव्र होत असताना हलक्या पाण्याच्या बाजूला खालून पाणी वर येते आणि जड पाण्याच्या बाजूला वरचे पाणी खाली जाते. वर येणारे पाणी पोषकद्रव्ये उजेडात आणते आणि त्यावर वनस्पतिप्लवक वाढतात. जिथे पाणी खाली जाते तिथे पृष्ठभागावरचे पाणी चहूबाजूंनी ओढले जाते, आणि फेसाची रेघ उमटते ती इथेच. सहज वाटते की येणाऱ्या पाण्याबरोबर जीव येणार आणि साचणार. पण पाणी जर येऊन खाली जात असेल, तर त्यात निव्वळ वाहणारा जीवही त्याच्याबरोबर खाली गेला पाहिजे. साचण्यासाठी काहीतरी वेगळे घडावे लागते, हा मुद्दा पीटर फ्रँक्स यांनी १९९२ मध्ये गणिताने मांडला. एक तर जीव तरंगणारा हवा किंवा त्याने आपली खोली सांभाळण्यासाठी वर पोहले पाहिजे.

आकडे पाहिले तर हे किती शक्य आहे ते कळते. अशा जागी पाणी दिवसाला शंभर मीटर खाली जात असेल तर तो जोरदार वेग मानला जातो. सेकंदाच्या हिशेबात तो एक मिलिमीटरहून किंचित जास्त भरतो. मिलिमीटरभर लांबीचा कोपेपॉड सेकंदाला स्वतःच्या लांबीएवढे किंवा त्याहून जास्त अंतर पोहू शकतो. म्हणजे आडव्या प्रवाहापुढे हतबल असलेला हा जीव उभ्या प्रवाहाशी मात्र झगडू शकतो. तो आपली पातळी सोडत नाही, पाणी त्याला ओलांडून खाली जाते आणि मागून येणाऱ्या पाण्यातले त्याचे भाईबंद तिथेच जमत राहतात. माशांची तरंगती अंडीही तशीच साचतात. जो जीव दिवसा चारशे मीटर खोल जातो आणि फक्त रात्री वर येतो, त्याला ही ओढ निम्माच वेळ लागू पडते. ज्याला खोलीची पर्वा नाही तो पाण्याबरोबर खाली निघून जातो. गर्दीत कोण दिसणार, हे अन्नाच्या आधी वागण्याच्या सवयीवर ठरते. फ्रंट सर्वांना सारखे बोलावत नाही, तो निवड करतो.

ही ओढ जिवंत आणि निर्जीव असा भेदही करत नाही. हवाई बेटांजवळ, पृष्ठभागाचे पाणी जिथे एकत्र येते अशा गुळगुळीत दिसणाऱ्या पट्ट्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतल्या पृष्ठभागापैकी जेमतेम ८ टक्के क्षेत्र या पट्ट्यांचे होते, पण माशांच्या पिल्लांपैकी सुमारे ४२ टक्के आणि तरंगत्या प्लास्टिकपैकी सुमारे ९२ टक्के त्यातच होते. पट्ट्यांत पिल्लांपेक्षा प्लास्टिकचे तुकडे सातपट भरले. गर्दी हा समृद्धीचा पुरावा मानणाऱ्याने या प्लास्टिकचे काय करायचे ते सांगावे.

तिसरे काम पैदाशीचे, आणि इथे घड्याळ महत्त्वाचे ठरते. वनस्पतिप्लवकाची पेशी अनुकूल परिस्थितीत एखाद-दोन दिवसांत दुप्पट होते. म्हणून आठवडाभर टिकणाऱ्या फ्रंटवरही हिरवळ खरोखर वाढू शकते. कोपेपॉडचे तसे नाही. अंड्यातून पिल्लू, पिल्लाच्या अनेक अवस्था, मग प्रौढ, हे चक्र उष्ण समुद्रातही काही आठवडे घेते. ध्रुवीय समुद्रात काही जातींना वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. पाच दिवसांचा फ्रंट कोपेपॉडची पिढी वाढवू शकत नाही. फार तर खाणे मिळाल्यामुळे माद्या जास्त अंडी घालतील, पण ती पिल्ले मोठी होतील तेव्हा फ्रंट विरलेला असेल आणि ती भलतीकडे असतील. आयरिश समुद्रासारख्या महिनोन्‌महिने एका जागी राहणाऱ्या फ्रंटची गोष्ट निराळी. तिथे स्थानिक पैदास धरून चालायला आधार आहे. तेव्हा अल्पजीवी फ्रंटवर प्राणिप्लवक चौपट सापडले असे कुणी सांगितले, तर पहिला अंदाज जमवाजमवीचाच करावा. पैदास झाली असे म्हणणाऱ्याने पिल्लांचे प्रमाण, अंड्यांची संख्या आणि फ्रंटचे वय दाखवले पाहिजे.

आता विविधतेकडे येऊ. समजा एका बाजूच्या पाण्यात चाळीस जाती आहेत, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि त्यांतल्या वीस दोन्हीकडे आहेत. मधल्या पट्ट्यात दोन्ही पाणी मिसळले तर साठ जाती सापडतील. आकडा वाढला, पण एकही नवी जात आली नाही आणि फक्त तिथेच राहणारी अशी एकही जात नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतल्या सगळ्या गावांची माणसे एका मैदानात मोजता येतात; म्हणून ते मैदान पंचक्रोशीतले सर्वांत मोठे गाव ठरत नाही. फ्रंटवरच्या जातींची मोजदाद अनेकदा अशी बाजाराच्या दिवशीची शिरगणती असते. खरी माहिती दोन गावे किती वेगळी आहेत यात आहे, आणि ती मधल्या मैदानात उभे राहून मिळत नाही.

याचा अर्थ फ्रंटवर स्वतःचे असे काहीच नसते, असा मात्र नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एका फ्रंटचा बारकाईने अभ्यास झाला. उत्तरेला गार, पोषक पाणी आणि दक्षिणेला कोमट, निकस पाणी होते. दोन्हीकडचे जीवसमूह वेगळे आणि मधल्या पट्ट्यात काही गटांची दाटी, असे चित्र निघाले. त्याच समुद्रातल्या अनेक फ्रंटच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, ते अधिक बोलके आहे. निरनिराळ्या प्लवकगटांची दाटी फ्रंटवर एकाच रेषेत नव्हती. कोणी गार कडेला, कोणी मध्यावर, कोणी कोमट कडेला, असे किलोमीटरा-किलोमीटरांच्या फरकाने ते विभागलेले होते. जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांनी १९६१ मध्ये विचारलेला प्रश्न असा होता, की एकसारख्या भासणाऱ्या पाण्यात, मोजक्याच पोषकद्रव्यांवर इतक्या प्लवकजाती एकत्र कशा टिकतात? त्याच्या उत्तराचा एक भाग इथे दिसतो. पाणी एकसारखे नाहीच. त्याच्या बारीक बारीक कडा स्पर्धकांना वेगळे ठेवतात. विविधता टिकवण्याचे श्रेय फ्रंटला द्यायचे असेल तर ते या वेगळे ठेवण्याला द्यावे.

आपल्या अरबी समुद्रात हे सगळे प्रश्न एकदम समोर येतात. इथे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि किनारी प्रवाहही बदलतो. नैर्ऋत्य मोसमी पावसात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचे गार, पोषक पण कमी प्राणवायूचे पाणी वर येते. हिवाळ्यात प्रवाह उलटतो आणि बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी वळसा घेऊन उत्तरेकडे येते. त्याच वेळी गुजरातच्या पश्चिमेला कोरड्या गार वाऱ्यांनी पृष्ठभाग थंड होतो, जड झालेले पाणी खाली जाते आणि घुसळणीतून पोषकद्रव्ये वर येतात. या हिवाळी सुपीकतेचा उलगडा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केला. दक्षिणेकडून आलेले हलके पाणी आणि उत्तरेचे घुसळलेले जड पाणी यांच्या मध्ये हिवाळ्यात फ्रंट उमटतात.

मधुप्रताप यांच्याच गटाने आणखी एक चक्रावणारी गोष्ट नोंदली. वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ऋतूनुसार प्रचंड बदलते, पण वरच्या मिश्र थरातल्या प्राणिप्लवकांचे एकूण वजन वर्षभर जवळपास तेवढेच राहते. वनस्पतिप्लवक कमी असतात तेव्हा जिवाणू आणि अतिसूक्ष्म जीवांची अन्नसाखळी प्राणिप्लवकांना पोसते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मला त्यातून पुढचा तर्क सुचतो. एकूण साठा जिथे इतका स्थिर आहे, तिथे एखाद्या फ्रंटवर दिसणारी वाढ ही साठ्यातली भर असण्यापेक्षा साठ्याची फेरवाटणी असण्याचीच शक्यता जास्त. त्यात आपल्या समुद्राची खास अडचणही आहे. साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायूची तीव्र टंचाई असलेला थर आहे. काही जाती दिवसा त्यात बिनदिक्कत उतरतात, बहुतेकींना तो मानवत नाही. म्हणून इथल्या फ्रंटवरची निवड दोन दिशांनी होते, आडव्या प्रवाहाने आणि खालच्या श्वास कोंडणाऱ्या थराने.

हे आपल्याला आधीच का कळले नाही? कारण मोजण्याची रीतच फ्रंट पुसून टाकणारी होती. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे नमुने वर्गवारीसाठी कोचीच्या केंद्रात आले. हिंदी महासागराच्या प्राणिप्लवकांचे पहिले मोठे चित्र त्यातून उभे राहिले आणि त्या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. पण ठरलेली रीत २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत एकच उभी ओढ घेण्याची होती आणि दोन ठिकाणांमध्ये खूप अंतर असे. दहा किलोमीटर रुंदीचा फ्रंट अशा दोन ठिकाणांच्या मध्ये बेमालूम हरवतो. आता वेगवेगळ्या खोलीवर उघडणारी-मिटणारी जाळी आहेत आणि कॅमेरा घेऊन स्वतः फिरणारी ग्लायडर यंत्रे आहेत. कॅमेऱ्यासमोर सॅल्पच्या चिंध्या होत नाहीत. साधने बदलली, पण जातींचा एकच आकडा देऊन मोकळे होण्याची सवय गेलेली नाही.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. बांगड्याला कोपेपॉड कुठे जन्मला याच्याशी काय देणेघेणे? त्याला तोंडासमोर दाट खाद्य मिळाले की झाले. विखुरलेले अन्न एकत्र आणणे ही निसर्गाची मोठी सेवाच आहे. आक्षेप मला मान्य आहे. विरळ अन्नाच्या समुद्रात अशी दाटी नसती तर अनेक माशांची पिल्ले उपाशी मेली असती. पण हा युक्तिवाद माशापुरता बरोबर आहे, व्यवस्थापनापुरता नाही. जिथे उत्पादन होते तिथून काढलेले भरून येऊ शकते. जिथे नुसती जमवाजमव होते तिथून काढलेले आजूबाजूच्या मोठ्या क्षेत्रातून वजा होते. एका ठिकाणची भरलेली जाळी पन्नास किलोमीटरवरचा समुद्र रिता करत असते.

हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राचे सल्ले देते. उपग्रहांनी टिपलेले पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांतले फ्रंट पाहून ते तयार होतात आणि मराठीतही मिळतात. शोधाशोधीतले डिझेल आणि वेळ वाचतो, हे त्याचे खरे यश आहे. मर्यादाही स्पष्ट आहेत. उपग्रहाला पृष्ठभागाचा रंग दिसतो, प्राणिप्लवक दिसत नाहीत. पावसाळी ढगांत, म्हणजे समुद्र सर्वांत सुपीक असतो त्याच महिन्यांत, तो जवळपास आंधळा होतो. आणि सल्ला सर्वांना सारखाच मिळाला तरी तिथे पोचण्याचा वेग सारखा नसतो. जमवाजमवीच्या जागेची माहिती मोठ्या इंजिनाच्या पर्ससीन बोटीला जितकी फळते तितकी छोट्या होडीला फळत नाही. मासे शोधण्याची कार्यक्षमता वाढणे आणि मासे वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे आकडे आपण मिरवतो, दुसरीचे विचारत नाही.

तापणाऱ्या समुद्रात हा गोंधळ अधिक महाग पडेल. उत्तर अटलांटिकमध्ये अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या प्लवक-नोंदणी यंत्राने मालवाहू जहाजांच्या मागून १९३१ पासून नमुने गोळा होत आहेत. त्या नोंदींवरून ग्रेगरी बोग्रां आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की चार दशकांत ईशान्य अटलांटिकमधल्या उष्णपाण्याच्या कोपेपॉडजाती सुमारे दहा अक्षांश उत्तरेला सरकल्या. पुढे २०१० मध्ये असे दिसले की तापमानाबरोबर कोपेपॉडची विविधता वाढली, पण त्यांचा सरासरी आकार घटला. मोठ्या, तेलाने भरलेल्या थंड पाण्याच्या जाती मागे हटल्या आणि छोट्या जातींची संख्या वाढली. उत्तर समुद्रातल्या कॉडच्या पिल्लांना या मोठ्या कोपेपॉडचाच आधार होता, आणि त्यांची घट कॉडच्या अडचणीशी जोडली गेली. जातींचा आकडा चढत होता तेव्हाच अन्नाचा दर्जा उतरत होता. सीमा सरकली की एका ठिकाणची यादी लांबते आणि दोन ठिकाणांमधला फरक पुसला जातो. पहिली गोष्ट अहवालात विविधतावाढ म्हणून नोंदली जाते, दुसरीसाठी रकानाच नसतो.

करायचे काय ते फार गुंतागुंतीचे नाही. फ्रंटवरचा प्रत्येक नमुना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या नमुन्यांसह घ्यावा. जातींची संख्या, दोन बाजूंमधला फरक आणि अंडी-पिल्लांचे प्रमाण हे तीन आकडे वेगवेगळे छापावेत. उपग्रहाच्या नकाशावर फ्रंटची जागा दाखवतो तसे त्याचे वयही दाखवावे. पाच दिवसांचा फ्रंट आणि दोन महिन्यांचा फ्रंट यांना एकच रंग देऊ नये. जिथे माशांची अंडी आणि पिल्ले साचतात तो पट्टा हंगामात जाळ्यांपासून राखावा, आणि प्लास्टिक गोळा करायचे तर ते आधी तिथेच करावे.

फ्रंटमुळे विविधता वाढते असा आकडा पुन्हा वाचनात आला, तर दोन्ही बाजूंचे आकडे मागा आणि तो फ्रंट किती दिवसांचा होता ते विचारा. ही दोन उत्तरे मिळत नसतील तर त्या आकड्यावर मासेमारीचे किंवा संवर्धनाचे कोणतेही धोरण उभारू नये.